सैल सुई

घरगुती भरतकामाच्या मशीनवर सुई सैल झाली म्हणजे ती लगेच गळून पडते असे नाही. आधी ती सुईदांडीतून केसभर खाली सरकते, आणि तेवढ्यानेच काम बिघडते. सुई तळाला जाऊन वर येऊ लागली की नेढ्यामागच्या खाचेपाशी दोऱ्याचा फासा पडतो. सुमारे दोन मिलिमीटर वर येताच हुकाचे टोक तो फासा उचलते. सुई मिलिमीटरभर जरी उतरलेली असली तरी हुकाला फासा जागेवर सापडत नाही. टाके सुटतात, दोरा पिंजतो, सुई बॉबिन केसवर आपटू लागते आणि कोरडा टकटक आवाज येतो. आवाज येईपर्यंत केसवर ओरखडे उठलेले असतात. मग नवी सुई घातली तरी दोरा तुटतच राहतो.

मशीनच्या हादऱ्याने सुई आवळणारा स्क्रू ढिला होतो, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. लग्नसराईत ब्लाउजच्या पाठीवर भरलेला मोर पाहावा. खाली बकरम, त्यावर अस्तर, वर जरीच्या काठाचे कापड, आणि सगळे जागेवर राहावे म्हणून मध्ये चिकट फवारा. वीस हजार टाक्यांचे डिझाइन मिनिटाला साडेसहाशे टाक्यांच्या वेगाने अर्ध्या तासात होते. खाली जाताना कापडाचा विरोध सुईला वर, दांडीतच ढकलतो, त्यामुळे बिघडत काही नाही. वर येताना मात्र गोंदाळलेले, दाट भरलेले कापड सुईला धरून ठेवते. प्रत्येक टाक्याला एक छोटा हिसका, असे वीस हजार हिसके एकटा स्क्रू सोसतो. साध्या शिलाईत वर्षभर न हललेली सुई भरतकामात एका बैठकीत उतरते, ती यामुळे.

तरीही नीट बसलेली सुई हे हिसके सोसते. खरी गोम बसवण्यात आहे. घरगुती मशीनच्या १३०/७०५ एच जातीच्या सुईचे बूड एका अंगाने चपटे असते आणि बहुतेक भरतकाम मशीनवर ती बाजू मागे येते. सुई किंचित तिरपी बसली तर चपटी बाजू दांडीच्या भोकातल्या सपाटीला पूर्ण टेकत नाही, नुसती कड टेकते. बोटांना स्क्रू घट्ट लागतो, पण ती घट्टाई फसवी असते. पहिल्या दाट भागावर सुई वळून आपल्या जागी बसते आणि स्क्रूपाशी फट उरते. भोकात तुटल्या सुईचा कण किंवा दोऱ्याचा बोळा अडकला असेल तर सुई वर टेकतच नाही, तेव्हाही हेच होते. कारखान्याच्या मशीनची गोल बुडाची सुई स्वस्त मिळते म्हणून घरच्या मशीनला लावणे हा तर निव्वळ आततायीपणा. ते बूड बारीक असते, त्याला चपटी बाजूही नसते.

सुई उतरली की स्क्रू आणखी जोर लावून आवळला जातो. याने फसवी घट्टाई जात नाही, स्क्रूचे आटे मात्र झिजतात. जुन्या हातांना आपल्या बोटांच्या अंदाजाचा अभिमान असतो, आणि तो अंदाज कमावलेलाही असतो. पण वयाने चिमटीची पकड कमी झाली की तोच अंदाज दगा देतो. पेडलच्या काळ्या मशीनवर रिंग हाताने फिरवत भरणाऱ्या बाईला सुईचा बदललेला ठोका कापडातूनच कळत असे. संगणकी मशीनवर रिंग यंत्र फिरवते, हात मोकळे राहतात आणि ती जाणीवही जाते. हे नुकसान मोठे आहे. नवे मशीन विकताना त्याबद्दल कोणी बोलत नाही.

दुरुस्तीवाल्यांपैकी काहींची सवय याहून घातक आहे. टाके सुटतात म्हटले की ते सुई काढून न पाहता हुकाचे टायमिंग बदलतात. उतरलेल्या सुईशी हुक जुळतो, मशीन चालू लागते, गिऱ्हाईक खूश होते. आठवड्याने नवी सुई नीट वर बसते आणि चांगले मशीन टाके सोडू लागते.

सुई बदलताना मशीन बंद करून रिंग काढावी आणि प्लेटच्या भोकावर कागद ठेवावा, म्हणजे सुई किंवा स्क्रू आत पडत नाही. दांडीचे भोक साफ करून, चपटी बाजू मागे धरून सुई वर टेकेपर्यंत सरकवावी. डाव्या हाताने ती वर दाबून धरावी आणि उजव्या हाताने स्क्रू आधी बोटांनी, मग छोट्या पेचकसाने पाव फेऱ्याहून कमी आवळावा. चाक हाताने आपल्याकडे एक फेरा फिरवून पाहावे. पहिल्या रंगबदलाला मशीन थांबते, तेव्हा सुई हलके खाली ओढून तपासावी. तिरपी बसलेली सुई बहुधा इथेच सापडते. भरतकामाच्या फुटाचा स्क्रूही त्याच वेळी पाहावा, कारण फूट हलले तर सुई त्यावर आपटते आणि दोष सुईवर येतो.

एवढे करूनही सुई उतरत असेल तर आटे गेले आहेत असे समजावे. मशीनच्याच मापाचा नवा स्क्रू आणि क्लॅम्प बसवून घ्यावा. मेकॅनिकला मात्र आधी स्पष्ट सांगावे: नवी सुई नीट वर टेकवून चालवून बघा, त्यानंतरच हुकाला हात लावा.