कोड लिहिला, आता समजावून सांग

एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं सेमिस्टर संपत आलं, तेव्हा पुण्यात फ्रेशर्सचे दिवस वाईट होते. 2023 पासून मोठ्या आयटी कंपन्यांनी नव्या भरतीत हात आखडता घेतला होता. आमच्या कॉलेजात कॅम्पसला फारसं कुणी फिरकलं नाही, म्हणून ऑफ-कॅम्पस अर्ज सुरू केले. बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी, पदवी सगळीकडे 60 टक्के हवेत आणि बॅकलॉग नको, ही पहिली चाळणी. मग ॲप्टिट्यूड, कोडिंग टेस्ट, टेक्निकल राउंड आणि शेवटी एचआर. बहुतेक अर्जांना उत्तरच येत नसे. निफाडहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काही कळलं का रे?"

कोडिंग टेस्टपर्यंत सगळं सुरळीत जायचं. घोडं अडायचं टेक्निकल राउंडला. तिथं नुसतं बरोबर उत्तर देऊन भागत नाही, विचार कसा केला तेही बोलून दाखवावं लागतं. आम्ही शाळेपासून उत्तरं लिहीत आलेलो.

कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचो. रूममेट मेकॅनिकलचा, प्रोग्रामिंगशी त्याचा काही संबंध नाही. रात्री मेसवरून आलो की त्याला एक प्रश्न समजावून सांगायचो, आधी मराठीत, मग इंग्रजीत. समजा, एक लाख आकडे आहेत आणि त्यातल्या कुठल्या दोघांची बेरीज अमुक येते ते शोधायचंय. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली, तर जवळपास 500 कोटी जोड्या होतात. त्यापेक्षा पाहिलेला आकडा हॅश मॅपमध्ये टाकत जायचं आणि पुढच्या आकड्याचा जोडीदार आधी येऊन गेलाय का, एवढंच बघायचं. यादी एकदा वाचून काम होतं. तो विचारायचा, "मग यात तोटा काय?" तोटा असा, की मेमरी जास्त लागते. पुढे इंटरव्ह्यूमध्ये नेमका हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला.

बाणेरच्या एका छोट्या कंपनीत इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी माझ्या प्रोजेक्टचा विषय काढला. बाजार समित्यांमधले कांद्याचे रोजचे भाव दाखवणारं ॲप मी केलं होतं. "नोंदी लाखांनी वाढल्या आणि स्क्रीन उशिरा उघडायला लागला, तर?" मी कागदावर टेबल काढलं. शोध बाजार समिती आणि तारखेनं होतो, म्हणून त्याच क्रमानं दोन कॉलमवर एक इंडेक्स. "आणि नुसत्या तारखेनं शोधलं तर?" तर त्याचा फारसा उपयोग नाही, आडनावानं लावलेल्या टेलिफोन डिरेक्टरीत नुसत्या नावावरून माणूस सापडत नाही, तसंच. तारखेचा वेगळा इंडेक्स करता येईल, पण मग प्रत्येक नवी नोंद भरताना जास्त वेळ जाईल. चर्चा रंगली. पुढच्या आठवड्यात ऑफर लेटर आलं.

आमच्या प्रॅक्टिकलला तोंडी परीक्षा असायची, पण ती दोन-चार व्याख्यांवर उरकली जायची. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, तिथं मुलांना त्यांच्याच कोडबद्दल "असंच का केलं?" म्हणून विचारा. आणि नोकरी शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, रोज एक तरी प्रश्न कुणाला तरी मोठ्यानं समजावून सांगा. समोरचा कॉम्प्युटरवाला नसेल, तर आणखी चांगलं.