नान्नज : माळढोकाचं आणि सोनाकाचं गाव

आज फवारणी-खत बाजूला ठेवून एका गावाबद्दल लिहितो.

सोलापुरातून बार्शी रोडला लागलं की विसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. उत्तर सोलापूर तालुक्यातलं साधं गाव. कुठं काळी, कुठं चार बोटांवर मुरूम. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. ज्वारी, तूर आणि मेंढरांना माळ, असं इथलं जुनं जगणं.

पण देशभरातल्या द्राक्षवाल्यांना हे गाव ठाऊक आहे ते नानासाहेब काळे यांच्यामुळं. थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळी दिसलेली लांब मण्याची काडी त्यांनी निवडली, वाढवली, तीच आपली सोनाका. किसमिस चोर्नीतून निवडलेलं काळं शरद सीडलेसही त्यांचंच. ना लॅब, ना संकर. झाडाच्या डोळ्यात निसर्गानं केलेला बदल, आणि तो ओळखणारी नजर. मूळ थॉमसन म्हंजे तरी काय, ग्रीस-तुर्कस्तानात बेदाण्यासाठी लावतात ती सुलतानाच. ती अमेरिकेत जाऊन थॉमसन झाली, नि नान्नजच्या माळावर येऊन सोनाका.

याच माळावर दुसरा एक जीव राहायचा, माळढोक. नाकतोडे खाणारा, उघड्या गवतात जमिनीवरच अंडं घालणारा, तेही बहुधा एकच. 1979 ला अभयारण्य झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आली, जमिनीचे व्यवहार अडकले. लोक पक्ष्यावर चिडले, यात नवल नाही. पुढं हद्द कमी होऊन बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आली. तोवर पक्षीच दिसेनासा झाला. माळ नांगरला, बोअर खोल गेले, तारा आल्या. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, पण वाटा आपलाही आहे. बाग टँकरवर जगवायची वेळ येते तेव्हा कळतं, जो माळ आपण पडीक समजलो, तोच पाणी मुरवत होता.

आता नवीन लागण करताना जो तो परदेशी वाण विचारतो. रॉयल्टी भरा, करार करा. परवडत असेल त्यानं जरूर करावं. पण आपली बागसुद्धा बघा की. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या काडीवर मणी, रंग किंवा घड वेगळा दिसला तर ओलांड्यावर तिथं रिबीन बांधा. एप्रिल छाटणीत तिथले खालचे डोळे राखा. त्यातून निघालेली काडी पक्व झाली की ऑक्टोबरच्या सुमाराला पाच-दहा खुंटांवर भरा. लगेच हुरळून जाऊ नका. जीएचा डोस, पाण्याचा ताण, व्हायरस यानंही घड वेगळा दिसतो. नव्या वेलींवर दोन-तीन हंगाम तोच गुण टिकला तरच तो खरा बदल. आणि 2001 च्या कायद्यानं असं वाण शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर नोंदवता येतं, हे लक्षात ठेवा.

एका कोरडवाहू गावानं द्राक्षशेतीला वाणं दिली आणि त्याच गावात एक पक्षी संपत आला. दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या आहेत. बांधालगत चार गुंठे गवत राखलं तर आपलं फार काही जात नाही.

तुमच्या बागेत कधी अशी वेगळी काडी दिसली होती का? तिचं पुढं काय केलंत, जरूर सांगा.