दावणीवरची नावं

आमच्या माणदेशात कालवडीचा सौदा करताना जाणता माणूस दात बघण्याआधी विचारतो, "कुठल्या खाणीची?" खाण म्हणजे आई, आजी, पणजी. खिलार पाळणाऱ्यांकडे वंशावळीचे कागद फारसे कधी नव्हतेच. जे होतं ते तोंडपाठ, आणि ते तोंडपाठ राहायचं नावांमुळे.

म्हणून माझ्या गोठ्यात हरणीच्या पोटची पाडी हरणीच होते. थोरली हरणी, धाकटी हरणी, आखूडशिंगी हरणी. बघायला आलेल्या पाहुण्याला वाटतं, ह्यांना नावं सुचत नाहीत. सुचतात हो! पण खोंड आदत, म्हणजे दुधाच्या दातांचा असतानाच खरसुंडीच्या नाहीतर सांगोल्याच्या बाजारात जातो, गाय मात्र घरात राहते. घराणं टिकवायचं तर ते गाईच्याच नावानं टिकतं. वळू गावातला असो की शेजारच्या गावचा, तो आला-गेला असतो.

रंगावरून नाव ठेवणं सोपं वाटतं, पण खिलारात त्याला घाई चालत नाही. वासरू जन्मतं तेव्हा टाळूवर तांबूस, गंजासारखी झाक असते. नवखा माणूस हौसेनं 'तांबी' म्हणून मोकळा होतो आणि दोनेक महिन्यांत ती झाक जाऊन पाडी पांढरीफेक निघते. मग जन्मभर पांढऱ्या गाईला तांबी म्हणा! खोंडाचं उलटं, वयात येता येता त्याची मान आणि वशिंड काळवंडत जातं. त्यामुळे कोसा कोण, काजळी कोण, हरण्या कोण हे वासरू दूध तोडल्यावरच कळतं. तोवर आम्ही वारावर भागवतो: सोम्या, मंगळ्या, बुधी. त्यातली काही नावं पुढं तशीच चिकटून राहतात, त्याला इलाज नाही.

बैलांच्या नावाचं गणित आणखी वेगळं. सर्जा आणि राजा ही जनावरांची नावं कमी आणि जागांची जास्त. जोडीतला सर्जा गेला की त्याच्या जागी आणलेला खोंड औताला सरावेपर्यंत सर्जा होऊन जातो. त्याला आधीच्या घरी काय म्हणत होते, हे कोणी विचारत नाही. बेंदराला अंगावर रंगानं नाव लिहिताना घरातली पोरं तेच नाव लिहितात. हाक मारायलाही ते बरं. नांगराच्या मागून ओरडायचं नाव दोन-तीन अक्षरांचं हवं, शेवट लांबवता यायला हवा. 'राजाऽ' म्हणताना दम लागत नाही.

मात्र पैदाशीच्या दृष्टीनं ही पद्धत घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. विकताना नाव दारातच राहतं आणि त्याबरोबर खाणही पुसली जाते. अमेरिकेत होल्स्टीन जातीच्या जनावराचं नोंदलेलं नाव लांबलचक असतं. १९६५ साली जन्मलेला एक नामांकित वळू घ्या, राउंड ओक रॅग ॲपल एलिव्हेशन. त्यात राउंड ओक हा गोठा, रॅग ॲपल हे घराणं आणि एलिव्हेशन त्याचं स्वतःचं नाव. हाक मारायला निरुपयोगी, पण तो कुठंही विकला गेला तरी गोठा आणि घराणं त्याच्यासोबत जातं. फ्रान्समध्ये तर जन्मवर्षाचं अक्षर ठरलेलं असतं आणि त्या अक्षरानंच नाव सुरू होतं. नावावरूनच वय कळतं, दात मोजायला नको.

आपल्याकडे आता कानात पिवळा बिल्ला आला, बारा आकड्यांचा. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही. चांगलंच झालं. लसीची नोंद राहते, चोरीचं जनावर ओळखता येतं. पण आकड्यात आई दिसत नाही. ती नोंद कोणी भरली तर आहे, नाहीतर नाही.

त्यात बैलगाड्यांच्या शर्यती आल्या. २०१४ ला बंद पडलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि खोंडांचे भाव असे चढले की शेतीसाठी बैल घेणारा बाजूलाच झाला. नावंही बदलली. सर्जा-राजाच्या जागी माईकवरून बकासूर ऐकू यायला लागला. नाव गाजलं की त्याच्या रक्ताचा म्हणून सांगितला जाणारा खोंड गावोगाव निघतो. अशा माणसाला मी एकच विचारतो, "बरं, आई कुठली?" तिथं बहुतेकांची बोलती बंद होते. पळण्याचा गुण एकट्या बापाकडूनच येतो असं धरून चालणाऱ्याला मी खोंड देत नाही. माझा तोटा होतो, होऊ दे.

हल्ली मी विकलेल्या प्रत्येक वासराबरोबर एक चिठ्ठी देतो. बिल्ल्याचा नंबर, आई, आजी, वळू कोणाच्या गावचा, जन्माची तिथी. चिठ्ठी कितीजण जपून ठेवतात कोण जाणे. यंदाच्या खोंडाच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'धाकट्या हरणीचा, कोसा'. नातवानं त्याचं नाव रायफल ठेवलंय. खोंड सध्या दोन्ही नावांना ओ देत नाही. पेंडीची बादली वाजली की मात्र येतो.