कांजूरमार्गची खारी हवा आणि गाडीतला पंखा

मध्य रेल्वेच्या लोकलने ठाण्याकडून मुंबईला जाताना भांडुप सुटले की कांजूरमार्ग लागते. हे स्टेशन 1968 सालचे. पूर्वेला द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरांची जमीन आणि ठाण्याची खाडी. भरतीचे पाणी वाफ्यांत कोंडायचे, उन्हाने आटवायचे आणि मीठ ओढून रास घालायची, अशी इथली शेती. इथेच क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना होता. आज त्या आवारात उंच इमारती उभ्या आहेत.

पश्चिमेला उतरलात तर लालबहादूर शास्त्री मार्ग. हाच जुना आग्रा रोड. नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे या भागातल्या वाचकांना तो परका वाटू नये. तुमच्या गावाजवळून जातो तोच हा रस्ता. याच रस्त्यावर पुढे कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथली पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षे भरल्यावर, ऑक्टोबर 2023 मध्ये, रस्त्यावरून उतरली.

मुंबईत गाडीचा हीटर कोण लावणार? तरी इथल्या गॅरेजांत हीटरचा पंखा नेहमी दुरुस्तीला येतो. याचे कारण असे, की हीटर आणि थंड हवेचे यंत्र या दोघांना बहुधा पंखा एकच असतो. शिवाय पावसाळ्यात काचेवरची वाफ तोच घालवतो. तुम्हालाही त्याची गरज आहे. माघातल्या पहाटे भाजी घेऊन कसारा घाट उतरताना पुढची काच आतून धुरकटली, तर समोरचा ट्रक दिसत नाही. तेव्हा हा पंखा चैनीचा नव्हे, जिवाचा आहे.

त्याची रचना सोपी आहे. इंजिनाचे गरम पाणी डॅशबोर्डामागच्या लहान रेडिएटरमधून फिरते आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. पंख्याची मोटर बहुतेक जुन्या गाड्यांत डावीकडे, डॅशबोर्डाखाली असते.

आता खूण ओळखा. पंखा फक्त सर्वांत जोरात चालतो, कमी वेगावर बंद, तर मोटर चांगली आहे. वेग कमी करणारा रेझिस्टर जळला आहे. तो भाग स्वस्त असतो. त्यासाठी कोणी अख्खी मोटर बदला म्हणाला, तर मान्य करू नका. पंखा मुळीच चालत नसेल, तर आधी फ्यूज पाहा. मग मोटरच्या अंगावर हलकेच टिचकी मारा. फिरू लागला तर आतले कार्बन झिजलेत. करकर आवाज येत असेल, तर बुश कोरडा झाला आहे किंवा पाला अडकला आहे. खळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदराचे घरटेही निघते.

बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन तारा एवढ्यावर पुढची तपासणी होते. किल्ली फिरवून पंख्याचे बटण चालू करा. एक तार बॉडीच्या उघड्या लोखंडाला, दुसरी मोटरकडे वीज आणणाऱ्या तारेला लावा. बल्ब लागला तर वीज येते आहे. मग मोटरच्या दुसऱ्या, परतीच्या टोकापासून बॉडीपर्यंत जादा तार जोडा. पंखा फिरला, तर मोटर ठीक असून दोष परतीच्या वाटेत आहे. ही तार वीज येणाऱ्या टोकाला मात्र लावू नका, फ्यूज उडेल.

कांजूरच्या खाऱ्या दमट हवेत दोष बहुधा या जोडांतच सापडतो. तांब्यावर हिरवा कळंक चढतो, बॉडीला गंज लागतो आणि वीज अडते. तुमच्याकडे खाडी नाही, पण युरियाची गोणी आहे. खतही ओल धरते आणि धातू खाते. म्हणून गोण्या पुढच्या सीटच्या पायाशी ठेवू नका. जोड सुटा करून सँडपेपरने घासा आणि घट्ट बसवा. त्याआधी बॅटरीची तार काढायला विसरू नका.

पंखा चालतो पण हवा गार येते, तर रेडिएटरचे पाणी तपासा. झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा. गोडसर वास येऊन काच चिकट होत असेल, तर आतला रेडिएटर गळतो आहे. हे काम मेकॅनिकचे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज वाचेल, पण वायर तापून गाडी पेटेल. पुन्हा पुन्हा फ्यूज उडत असेल, तर मोटर जड फिरते आहे किंवा तार कुठेतरी सोलली आहे. दिवाळीनंतर थंडी पडण्याआधीच एकदा पंखा लावून पाहा, म्हणजे पहाटे घाटात अडचण येणार नाही.