घाट उतरायचा गिअर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. परवा नाशिकच्या मावशीने फोनवर विचारलं, "अरे, ट्रक घेतोयस की घर? तीन आठवडे झाले, अजून तुझं ठरतंच आहे!" तर मावशी, ठरलं एकदाचं. ट्रक घेतला. पण इतके दिवस का लागले ते फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहितो.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. आमच्याकडे 26 फुटी ट्रेलर आहे, म्हणजे चाकांवरची खोलीच. पलंग, शेगडी, मोरी सगळं आत. सामानसुमान भरून वजन 7500 पौंड, साधारण 3400 किलो. पश्चिमेला डोंगरात जायचं तर आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा लागतो. उंची 11,158 फूट. बोगद्यातून बाहेर पडलं की थेट सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकांनी घुसावं म्हणून बाजूला खडीचे चढाचे रस्ते बांधून ठेवलेत, यावरून काय ते समजा.

गेल्या जुलैत जुन्या पेट्रोल पिकअपने हाच रस्ता धरला होता. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे दर हजार फुटांना पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्के कमी होते. धापा टाकत वर पोचलो. मी दमलो होतो, म्हणून बोगद्याअलीकडे लव्हलँडपाशी थांबून गाडी बायकोच्या हातात दिली आणि डोळे मिटले.

जाग आली ती जळक्या वासाने. ब्रेकमधून धूर येत होता आणि पेडल मऊ पडलं होतं. तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. आणि मी काय केलं? ओरडलो. "इतका वेळ ब्रेक दाबून ठेवतं का कुणी?" ती काही बोलली नाही. त्यानंतर ट्रेलर जोडलेला असताना तिने चाक हातात घेतलं नाही. आणि मीही कधी "घे" म्हणालो नाही.

त्यानंतर ठरवलं, डिझेलच घ्यायचं, जुनं का असेना. दोन गाड्या पसंत पडल्या. दोन्ही 2012 च्या रॅम 2500, दोन्हीत 6.7 लिटरचं कमिन्स इंजिन. एकीला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल 4.10 चा. दुसरी सहा गिअरची ऑटोमॅटिक, ॲक्सल 3.73 चा.

माझा जीव पहिलीत अडकला होता. बाबा एसटीत ड्रायव्हर. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट. लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून मी तो गिअरचा दांडा बघत असे. क्लच दाबून गिअर टाकल्याशिवाय ती ट्रक चालवल्यासारखी वाटतच नाही मला.

मग वही काढली. 3.73 म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टचे 3.73 फेरे. 4.10 चा ॲक्सल चाकाला दहा टक्के जास्त जोर देतो, पण त्याच वेगाला इंजिनही दहा टक्के जास्त फिरतं. 31.6 इंची टायर धरला तर ताशी 65 मैलांना, सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, मॅन्युअल आणि 4.10 ची गाडी मिनिटाला सुमारे 2100 फेरे घेते. ऑटोमॅटिक आणि 3.73 ची घेते 1625. सपाटीला दुसरी निवांत आणि डिझेलही कमी पिणार. चढाला ती पाचव्यात आली की 2115, म्हणजे पहिलीच्या बरोबरीत. शिवाय त्या वर्षी कंपनीने ऑटोमॅटिकसोबतच्या इंजिनाला 800 पौंड-फूट टॉर्क दिला होता आणि मॅन्युअलच्या इंजिनाला 610 च. आकडे उघड दुसऱ्या गाडीच्या बाजूने होते. तरी मी पुन्हा पुन्हा पहिलीकडेच वळत होतो. चढाची गणितं मांडत होतो, वजन वाढलं तर काय, वारा समोरून आला तर काय. पानंच्या पानं भरली!

शेवटी बाबांना फोन लावला. म्हटलं ते नक्की मॅन्युअल म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चढायचं झालं, उतरायचं काय?"

मी गेल्या जुलैची गोष्ट सांगितली. आजवर घरी सांगितली नव्हती.

"गाडी कुठल्या गिअरात होती?"

"डी मध्येच होती, बाबा. ओव्हरड्राइव्ह चालू."

"ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे तिला सांगितलं होतंस का?"

नव्हतं सांगितलं. मला ते इतकं अंगवळणी पडलेलं की ते कुणाला सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नाही. ती गाडी शिकली तिशीत, इथे येऊन, ऑटोमॅटिकवर. घाट कसा उतरतात ते तिला कोण सांगणार होतं? चूक माझी, आणि वर्षभर अपराधी ती.

आणि त्या रात्री आणखी एक गोष्ट कबूल करावी लागली. मॅन्युअल घेतली असती तर "तुला नाही जमणार" हे मला तोंडाने म्हणावंही लागलं नसतं. गाडीनेच ते म्हटलं असतं.

ऑटोमॅटिक घेतली. या इंजिनाला एक्झॉस्ट ब्रेक कंपनीचाच आहे. टर्बो धुराची वाट अडवतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. एरवी डिझेल इंजिन उतारावर फारसं धरत नाही. पण हा ब्रेक इंजिन जोरात फिरत असेल तरच नीट धरतो, म्हणून खालचा गिअर हवाच. ताशी 45 मैलांना चौथ्यात सुमारे 1800 फेरे, तिसऱ्यात 2500. आम्ही दोघांनी ही गणितं मिळून केली. रिकाम्या गाडीवर दोन रविवार सरावही केला.

गेल्या शनिवारी लव्हलँडपाशी थांबलो. मी किल्ली पुढे केली. तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग घेतली. बोगदा संपायच्या आधीच तिने वेग कमी करून तिसरा लावला. इंजिन गुरगुरलं. काटा 2500 वर, वेग 45. जास्त उताराला तिने मोजून दोनदा ब्रेक लावला, लावला आणि सोडला. ती खडीची वाट बाजूने मागे गेली. मी एक शब्द बोललो नाही (हे फार अवघड गेलं!).

रात्री बाबांना फोन केला.

"लायनर तापले का?"

"नाही."

"मग झालं. तिला दे फोन."

असो. मावशी, फोटो पुढच्या वेळी. यायच्या उतारालाही तीच चालवणार म्हणतेय.