व्ही.पी. सोडवणारी माणसं

म्हातारी माणसं ऑनलाइन खरेदीला बिचकतात, कारण लांबच्या, कधी न पाहिलेल्या दुकानातून माल मागवायची त्यांना सवयच नाही, असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. सवय होती, आणि चांगली जुनी होती. आपल्याकडे पोस्टाने व्ही.पी. सुरू केली ती १८७७ साली. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला एक कार्ड टाकायचं, पुस्तकाचं नाव आणि आपला पत्ता सुवाच्य अक्षरात लिहायचा आणि वाट बघायची. काही दिवसांनी पोस्टमन दारात उभा. पैसे मोजून द्यायचे, सही करायची, मग पार्सल हातात. व्ही.पी. सोडवायची म्हणून घरात आठवडाभर आधीपासून पैसे बाजूला काढून ठेवलेले असत. पुस्तकं अशी यायची, औषधं यायची, बियाणं यायचं. पार्सलची सुतळी कापण्याआधीच पैसे गेलेले असत. आत काय निघेल याची खात्री पोस्टमनही देत नसे, तरी लोक मागवत राहिले.

मनीऑर्डरीचं तर विचारूच नका. १८८० पासून ती चालू झाली आणि कोकणातली कितीतरी घरं तिच्यावर उभी राहिली. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत कामाला असलेला माणूस तिकडच्या पोस्टात नोटा देणार आणि इकडे राजापूर-लांज्याच्या एखाद्या वाडीत त्याच्या आईच्या हातात वेगळ्याच नोटा पडणार. पैसा न दिसता एवढा लांबचा पल्ला गाठायचा, आणि त्यात कुणाला काही विपरीत वाटत नसे. लिहिता न येणाऱ्या बाया अंगठा उठवत, शेजारचं कुणीतरी साक्षीला उभं राही, आणि फॉर्मच्या तुकड्यावर मुलाने लिहिलेल्या दोन ओळी पोस्टमनच वाचून दाखवी. पैसा आणि खुशाली एकाच माणसाच्या तोंडून घरात येत असे.

म्हणजे या पिढीला अंतराचं भय कधी नव्हतं. तिला हवा होता तो दाराशी येणारा माणूस. २०१० साली फ्लिपकार्टने माल घरी पोचल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली, ती मला तरी व्ही.पी.चीच नवी आवृत्ती वाटते.

माझी आत्या रत्नागिरीला राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाली, अर्धी आळी तिला अजून ‘बाई’च म्हणते. तिची सून पुण्याहून काही ना काही मागवून तिकडे पाठवत असते. डबा, चादर, गुडघ्याचा पट्टा. पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला आत्या आधी पाणी देते आणि मग विचारते, ‘‘कुठला रे तू? कुणाचा?’’ तो बिचारा घाईत असतो, त्याला अजून खूप दारं गाठायची असतात. पण तो सांगतो. पावसचा, अमक्याचा. मग आत्या सही करते. सून एकदा म्हणाली, ‘‘आई, त्याला कशाला विचारता? कंपनीची जबाबदारी असते.’’ आत्या शांतपणे म्हणाली, ‘‘कंपनी मला कुठे भेटणार आहे? हा भेटेल.’’

तिच्या स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला एक तार टांगलेली आहे. खालच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल चकती, वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं. विजेचं बिल, घरपट्टी, गॅस, वाण्याचा हिशोब, भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती मधोमध टोचून त्या तारेत ओवलेली. तार भरली की पावत्यांचा गठ्ठा बांधून वर्ष लिहून माळ्यावर. तळातल्या पावत्या पिवळ्या पडल्यात, कडा झिजल्यात, पण शाई जागच्या जागी आहे. कार्बन लावून लिहिलेली जांभळी अक्षरं अजून वाचता येतात. वरच्या पावत्या यंत्रातून निघालेल्या, गुळगुळीत कागदाच्या. वर्ष सरेपर्यंत त्यांच्यावरची अक्षरं उडून जातात आणि तारेत कोरे कागद ओवलेले राहतात. आत्याला हे अजिबात सहन होत नाही. पैसे भरले हे सांगणारा कागदच जर विसरायला लागला, तर उद्या कुणाशी आणि कशाच्या बळावर बोलायचं, असं ती विचारते. आणि हा प्रश्न नुसता म्हणायला नाही. एका कार्यालयाने तिच्या नावावर जुनी थकबाकी काढली होती, तेव्हा तिने माळ्यावरचा गठ्ठा उतरवला, पावती काढली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी खोडून दिलं. त्या दिवशी तिच्याकडे फोनवरचा मेसेज असता तर तो कितव्या पानावर सापडला असता कोण जाणे.

या माणसांच्या अविश्वासाला आपण अडाणीपण म्हणतो तेव्हा त्यांनी काय काय पाहिलंय ते मोजत नाही. पगारदार मध्यमवर्गाने युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेत आयुष्याची पुंजी घातली होती, सरकारी म्हणून डोळे मिटून. २००१ च्या जुलैत तिची पुनर्खरेदीच थांबवली गेली. हजाराची नोट रद्द होताना त्यांनी दोनदा पाहिली, १९७८ च्या जानेवारीत आणि २०१६ च्या नोव्हेंबरात. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, आणि तेव्हा ठेवींवरचं विम्याचं संरक्षण होतं लाखभर रुपयांचं. पुढे २०२० मध्ये ते पाच लाख झालं. ज्यांनी हे सगळं बघितलं, त्यांनी पासबुक भरून घ्यायला दर महिन्याला बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं नाही, तर कुणी राहायचं? आकडा छापलेला बघितला की त्यांना झोप लागते. मला यात सावधपणाच दिसतो, आणि तो खूप महाग किंमत देऊन आलेला आहे.

पण एक गोष्ट मला फार लागते. इतकी सावध माणसंच फसवली जातात, आणि ती खरेदीत क्वचित फसतात. ‘‘तुमचं मागच्या महिन्याचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, खालच्या नंबरवर साहेबांना फोन करा’’ असे खोटे मेसेज २०२२ मध्ये घरोघर आले आणि महावितरणला लोकांना सावध करावं लागलं. नंतर ‘डिजिटल अरेस्ट’ आली. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, तोंडात कायद्याची कलमं. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून ते सांगावं लागलं. साडीच्या दुकानावर विश्वास न ठेवणारी माणसं या आवाजापुढे हात जोडून बसली, दिवसचे दिवस. कारण या पिढीला ज्यांच्यावर विश्वास ठेवायला शिकवलं गेलं त्यांचाच आवाज चोरांनी उचलला: फौजदार, बँकेचा साहेब, वीज मंडळ. साहेबाने विचारलं की उत्तर द्यायचं, पोलिसाने बस म्हटलं की बसायचं. त्यांच्या आदरालाच खिंडीत गाठलं गेलं. पैसे गेल्यावर ही माणसं मुलांनासुद्धा सांगत नाहीत. लाजेने गप्प राहतात आणि नेमका तोच वेळ हातचा जातो.

तो वेळ मोलाचा आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, आणि जितक्या लवकर फोन लागेल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची आशा जास्त. चूक आपली किंवा बँकेची नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि आपण बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर तोटा पडू नये, हे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच घालून दिलंय. ओटीपी आपण स्वतः सांगून बसलो असू तर मात्र ही ढाल चालत नाही. खात्यातून पैसे ‘कट झाले’ आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर ते किती दिवसांत परत यायला हवेत आणि उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये द्यायचे, हेही २०१९ पासून ठरलेलं आहे. सत्तरीपुढच्यांना घरी येऊन बँकेची सेवा द्यावी, ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी असावी, हेही बँकांना सांगितलेलं आहे. आता मला सांगा, यातली एक तरी गोष्ट कुठल्या शाखेच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात, मराठीत तुम्ही वाचलीय? आत्याला ‘‘आजी, ॲपवर करा ना’’ असं मात्र तिथे दर खेपेला ऐकावं लागतं.

घरात शिकवायची पद्धतही मला बघवत नाही. नातू फोन हातातून घेतो, अंगठा चार वेळा फिरवतो आणि ‘‘झालं बघ’’ म्हणतो. आजीला काय झालं ते कळलेलं नसतं, फक्त आपण मंद आहोत एवढं कळतं. तिच्याच हातात फोन ठेवून, ती चाचपडत असताना गप्प बसून राहणं, ही खरी शिकवणी. तिला एकच गोष्ट पक्की सांगायला हवी. पैसे आपल्याकडे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

आत्याने शेवटी फोनवरून पैसे दिले ते मच्छीबाजारात, नेहमीच्या कोळणीला. घरात कुणी बळजबरी केली नव्हती. सुट्ट्यांची वाटाघाट नेहमीचीच, आणि कोळणीनेच कोड पुढे केला. स्कॅन केल्यावर पडद्यावर एका पुरुषाचं नाव आलं. आत्या थांबली. ‘‘हा कोण?’’

‘‘बाई, तो माझा धाकटा. मला कुठं जमतंय, त्याच्याच खात्यावर घेते.’’

धाकट्याला आत्याने चौथीत शिकवलं होतं. मग तिने पिन टाकला, पण बांगड्यांची पिशवी हातात घेऊनही जागची हलली नाही. टोपलीशेजारच्या डब्यातून रक्कम मोठ्याने बोलली गेली, आजूबाजूच्या चार जणींनी ती ऐकली, तेव्हा तिने फोन पर्समध्ये टाकला. आता मासे, भाजी आणि वाणी एवढ्यासाठी ती फोन वापरते. त्यासाठी वेगळं खातं उघडून घेतलंय, त्यात थोडेच पैसे ठेवते. पेन्शनच्या खात्याला फोन जोडू दिलेला नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर आहे. विजेचं बिल ती अजून खिडकीवर जाऊन भरते. मागच्या वेळी खिडकी बंद होती आणि काचेवर आतून एक कोड चिकटवलेला होता. ती परत आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि आतल्या माणसाला बाहेर बोलावून विचारलं की ही खिडकी उद्यापासून किती वाजता उघडणार आहे, ते मला लिहून द्या.