भाच्याची जिम्नी आणि दोन इंच

लिफ्ट किट हा शब्द आमच्या घरात भाच्याने आणला. त्याने दोन वर्षं पैसे साठवून आणि उरलेलं कर्ज काढून पाच दरवाजांची जिम्नी घेतली, तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. मग रात्री जागून तो अमेरिकेतल्या युटा राज्यातले व्हिडिओ बघू लागला. लाल खडकांवर एक जीप कोळ्यासारखी पाय पसरत चढते, एक चाक आभाळात, एक खड्ड्यात, आणि आत बसलेला माणूस कॉफी पीत असतो. 'मामू, हे लाँग आर्मचं काम आहे,' तो म्हणाला. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरने त्याला चार इंच उंची आणि लांब आर्म असा पावणेतीन लाखांचा आकडा सांगितला होता. पैसे त्याचे होते, गाडीही त्याचीच होती. पण त्याच गाडीतून आपा आणि दुल्हाभाई दर महिन्याला कोंढव्याहून ताम्हिणी घाट उतरून, माणगावमार्गे म्हसळ्याला जातात. म्हणून माझ्याकडे विचारणा झाली. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माझी पंचवीस वर्षं गेली, एवढीच माझी पात्रता.

आर्म म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. दुल्हाभाईंनी म्हसळा-श्रीवर्धन रस्त्यावर बरीच वर्षं वडापची महिंद्रा जीप चालवली. त्या जीपला कमानी होत्या. कमान दोन कामं करते. वजन पेलते आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवते. म्हणून जीप उंच करायची तर कमानवाल्याकडे जायचं, एक पाटा वाढवून घ्यायचा, की झालं. दुल्हाभाईंनीही वाढवला होता, पण उंचीच्या हौसेपायी नाही. नऊ माणसांच्या जागी सोळा बसवायची होती म्हणून. रिकामी जीप मग बकरीसारखी उड्या मारायची.

(जाता जाता सांगतो. त्या जीपवर ज्या कंपनीचं नाव होतं ती 1945 साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' म्हणून सुरू झाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 मध्ये इथल्या पाटीवर दुसरं 'महिंद्रा' आलं. दुल्हाभाईंना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'नाव काही असू दे, क्लच प्लेट महागच होती.')

जिम्नीला कमान नाही, गोल स्प्रिंग आहे. गोल स्प्रिंग फक्त वजन पेलते. एक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून चेसिसपासून एक्सलपर्यंत लोखंडी हात जातात, तेच आर्म. आणि एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल असलेल्या गाड्या आता मोजक्याच उरल्यात. जिम्नी त्यांतली एक, आणि 2021 पासून आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला जोडली जाणारी रँग्लर दुसरी. लाँग आर्म किटचं खरं माहेर म्हणजे ही रँग्लर आणि तिच्या आधीच्या पिढ्या. 2020 नंतरच्या थारला पुढे विशबोन आहेत, दोन्ही चाकं स्वतंत्र, त्यामुळे पुढच्या बाजूला या किटचा प्रश्नच येत नाही. भाच्याचे अर्धे मित्र थारवाले. ते त्याला सल्ले देत होते, हे वेगळं.

आता भूमिती. समजा आर्म 60 सेंटिमीटरचा आहे आणि आपण गाडी 5 सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच उचलली. एक्सल जमिनीवरच राहतो, चेसिस वर जाते, आर्म तिरपा होतो. हा तिरपेपणा जवळपास 5 अंशांनी वाढतो. चार इंच उचलली तर साडेनऊ अंशांच्या वर. तोच आर्म 90 सेंटिमीटरचा केला तर चार इंचालाही साडेसहाच्या आत राहतो. लाँग आर्मचं सगळं गणित एवढंच. आर्म फार तिरपा झाला की चाक खड्ड्याला लागल्यावर वर-मागे जाण्याऐवजी पुढे रेटायला बघतं, आणि तो धक्का थेट चेसिसला बसतो. गाडी उंच होते पण चाल लाकडासारखी होते. लांब आर्म सपाट राहतो, म्हणून चाल मऊ राहते. चाक खाली लोंबतानाही फारसं मागे खेचलं जात नाही. व्हिडिओतली जीप पाय पसरते त्यात खोटं काही नाही.

पण जिम्नीत एक मेख आहे. तिचे पुढचे आर्म रेडियस आर्म आहेत, म्हणजे प्रत्येक आर्म एक्सलला दोन बुशांनी घट्ट आवळलेला. आर्म तिरपा झाला की एक्सलही त्याच्याबरोबर गोल फिरतो, आणि त्यात कॅस्टर जातो. कॅस्टर समजायचा तर सायकलचा पुढचा चिमटा बघा. तो सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल थोडा वेळ सरळ जाते. गाडीचं स्टीअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर येतं ते याच कलण्यामुळे. दोन इंच उचलून कॅस्टर दुरुस्त केला नाही तर गाडी द्रुतगती मार्गावर ट्रकच्या वाऱ्याने इकडेतिकडे सरकते, आणि बुश जुने असतील तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं थरथरायला लागतात. ती थरथर ज्याने हातात अनुभवली आहे तो पुन्हा विसरत नाही.

शिवाय रेडियस आर्म नुसते लांब केले तर कॅस्टरचा बदल कमी होतो, पण पाय पसरणं तितकंसं वाढत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली जाताना दोन्ही आर्म एक्सलला उलटसुलट पिळू बघतात, आणि ती पीळ बुशांतच अडकते. युटाच्या जीपसारखं पसरायचं तर रेडियस आर्म काढून तीन किंवा चार लिंकची रचना करावी लागते. म्हणजे चेसिसवर नवे ब्रॅकेट, एक्सलवर नवे ब्रॅकेट, कापणं आणि वेल्डिंग. भोसरीच्या माणसाला भाच्याने हे विचारलं. तो म्हणाला, 'लिंक करू ना, चेसिसला आतून प्लेट मारून देतो.' तो माणूस हुशार होता. त्याची वेल्डिंग मी पाहिली, ती मला आवडली. पण त्याच्याकडे एकही आकृती नव्हती. लिंकचा कोन कुठून काढला, असं विचारल्यावर त्याने हाताचं बोट हवेत तिरपं धरून दाखवलं.

भाच्याला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, पोट घासतं. त्यात तथ्य होतं. पाच दरवाजांच्या जिम्नीचा पुढचा चढ-कोन 36 अंश आहे, पण मधला, ज्याला ब्रेकओव्हर म्हणतात तो, 24 अंशच. दोन चाकांमधलं अंतर 2,590 मिलिमीटर झाल्याचा हा परिणाम. राजमाचीच्या वाटेवर एका दगडी पायरीवर ती अशी बसली की चौघांना उतरून ढकलावं लागलं. म्हणून तो चार इंच मागत होता. मी कागदावर हिशोब मांडला. दोन इंचांनी हा मधला कोन साधारण चार अंशांनी वाढतो. चार इंचांनी आठ-नऊ. पण लांब आर्मचं दुसरं टोक येतं कुठे? गाडीच्या पोटाखाली, बरोबर त्या जागी जिथे ती बसली होती. तिथे जाड ब्रॅकेट लटकणार, आणि उंचीने मिळवलेल्यातलं थोडं तो ब्रॅकेटच खाणार.

दुसरी गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली. अखंड एक्सलच्या गाडीत सर्वांत खाली असतो डिफरन्शियलचा गोळा. 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात तो तिथला. स्प्रिंग कितीही उंच लावा, गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही, कारण तो चाकांच्या मधोमध एक्सलवरच आहे. तो वर जातो फक्त टायरने. कंपनीचा टायर 195/80 आर15, त्याची उंची साधारण 693 मिलिमीटर. 235/75 आर15 लावला तर 733, म्हणजे गोळा 20 मिलिमीटर वर. हा टायर आत घासू नये म्हणून दोन इंच उचलणं सोयीचं पडतं. स्पीडोमीटर मग सुमारे 6 टक्के कमी दाखवतो, काटा 80 वर असताना गाडी 85 ने धावते, आणि इंजिनाला चढावर थोडं जड जातं. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'म्हणजे एवढे दिवस मी टायरचं दुखणं स्प्रिंगला सांगत होतो.'

मला मात्र राजमाचीपेक्षा ताम्हिणीची चिंता होती. जिम्नीची दोन चाकांमधली रुंदी साधारण 1.4 मीटर. हिशोबापुरतं समजा, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर आहे. अर्धी रुंदी भागिले उंची, 70 भागिले 70, म्हणजे 1. चार इंच उचलली की 70 भागिले 80, म्हणजे 0.87 च्या आसपास. दोन इंचांना 0.93. हा आकडा जितका खाली, तितकी गाडी आडवी व्हायला कमी निमित्त लागतं. शिवाय गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कंपनीने मूळ उंचीसाठी बसवलेली असते. पावसात, धुक्यात, समोरून आलेल्या डंपरसाठी अचानक स्टीअरिंग वळवताना हा फरक कागदावर राहत नाही. मागच्या सीटवर आपा असते, तिच्या मांडीवर तसबी आणि पायाशी म्हसळ्याला न्यायची पिशवी.

हे मी आपाला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर गाडीच विकली गेली असती.

कायद्याचंही बघावं लागलं. मोटर वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे आणखी ठळक केलं. वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था 1966 पासून आहे. अशा संस्थांमध्ये ब्रेकपासून दिव्यांपर्यंत तपासण्या होऊन मगच गाडीचा नमुना रस्त्यावर येतो. ती मान्यता मूळ गाडीची असते, भोसरीत कापलेल्या चेसिसची नव्हे. पुण्यात लिफ्ट केलेल्या गाड्या रोज दिसतात, हा भाच्याचा युक्तिवाद. दिसतात, खरंय. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली वाकून बघतो तेव्हा रोज दिसणाऱ्या गाड्या साक्षीला येत नाहीत. आणि दोन इंच हासुद्धा बदलच आहे, हे मी त्याला झाकून ठेवलं नाही. म्हणून आधी विमा कंपनीला लेखी विचार, असं सांगितलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, गुळमुळीत, पण वाढीव हप्त्यासह नोंद करून घेतो असं. तो कागद त्याने जपून ठेवलाय.

शेवटी निवड दोन गोष्टींत उरली. आर्म मूळचेच ठेवून त्यांचं चेसिसकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा आर्मच्या बुशांच्या जागी केंद्र सरकवलेले दुरुस्तीचे बुश. ब्रॅकेटने कोन जवळपास मूळचा होतो, म्हणजे गरिबाचा लाँग आर्मच. पण तोही पोटाखाली लोंबतो आणि दगडाला भिडतो. बुश लोंबत नाहीत, पण कॅस्टर पूर्ण परत येईलच असं नाही, आणि कडक बुशांनी पाय पसरणं अजून थोडं आखडतं. खडकाचा छंद असेल तर बुश, हायवेचा वापर जास्त असेल तर ब्रॅकेट, असं माझं मत. इथे दोन्ही होतं. दुल्हाभाई तोवर काही बोलले नव्हते. ते म्हणाले, 'दगडाला आधी काय लागेल? जे लागेल ते लावू नको.' भाच्याने बुश घेतले.

नाना पेठेतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे काम झालं. दोन इंचांच्या स्प्रिंग, त्याच मापाचे शॉकअप, पुढे-मागे लांबी बदलता येणारे पॅनहार्ड रॉड, लांब ब्रेक होज, आणि बंप स्टॉप थोडे वाढवलेले. एकही भोक पाडलं नाही, वेल्डिंगची ठिणगी नाही. पॅनहार्ड रॉडचं लोक विसरतात. गाडी उचलली की जुना दांडा एक्सलला एका बाजूला खेचून धरतो, आणि मागून बघणाऱ्याला ती खेकड्यासारखी चालताना दिसते. अलाइनमेंटला तीनदा जावं लागलं. पहिल्या पोरानं टो बघून गाडी सोडून दिली होती. कॅस्टरचा कागद द्या म्हटल्यावर त्याने मालकाला हाक मारली. तिसऱ्यांदा दोन्ही बाजूंचा कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत आला, खालच्या काठाशी, पण आत. हेडलाइटही खाली करून घेतले, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत भगभग.

एकूण खर्च त्या पावणेतीन लाखांच्या निम्म्याहूनही कमी आला, टायरसकट. उरलेल्या पैशांतून भाच्याने कर्जाचे दोन हप्ते आधीच भरले. ही आपाची अट होती. तिची दुसरी अट पायरीची. तिचे गुडघे दुखतात आणि गाडी आता तिच्यासाठी खरंच उंच झालीय. बाजूला पाइपची पायरी लावली तर पोट पुन्हा घासणार, म्हणून एक लहान लाकडी स्टूल मागच्या सीटखाली ठेवलंय. भाचा ते काढतो, ठेवतो, आपा चढते, तो उचलून परत आत टाकतो. जुन्या चार स्प्रिंगा तेलाचा हात देऊन, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवल्यात. बुशही डब्यात आहेत. गाडी विकायची वेळ आली तर एका दिवसात सगळं जसंच्या तसं बसेल.

युटाचे व्हिडिओ तो अजून बघतो. परवा विचारत होता, मागच्या एक्सलला डिफ लॉक बसवता येईल का.